‘दावा लावणे’ : कोणावर आणि कशाचा?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून काही मंडळींच्या मनात शंका आली असेल की, जेथे वर्षभराने गाठीभेटी व्हावयाच्या, मुलांना बक्षिसे द्यावयाची आणि वधूवरांची माहिती घ्यावयाची, अशा आनंदाच्या प्रसंगी कोर्टकचेरीचे नाव कशाला? ही शंका स्वाभाविक आहे. किंबहुना तीच माझ्या विषयाचा आरंभ आहे. ‘दावा’ हा शब्द कानी पडताच आपण दचकतो. ज्या घरात दावा चालू आहे त्या घराविषयी आपण आवाज खाली करून बोलतो, जणू काही तेथे कोणी दुखणाईत आहे. हे दचकणे कितपत बरोबर आणि कितपत अकारण, याचा आज थोडा विचार करावा असे मी योजिले आहे.

मला येथे कायद्याचे प्रवचन करावयाचे नाही. मराठीतील एका क्रियापदाविषयी, म्हणजे ‘दावा लावणे’ या क्रियापदाविषयी, बोलावयाचे आहे. हे क्रियापद आपण ओटीवर, माजघरात, लग्नाच्या मांडवातदेखील सहज वापरतो. परंतु ते वापरताना आपण त्याचे निम्मे वाक्य गिळून टाकतो आणि त्या गिळलेल्या निम्म्या वाक्याची किंमत अनेक कुटुंबांना मोजावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम शब्दाकडेच पाहू. ‘दावा’ हा मूळचा अरबी शब्द. फारसी राजभाषेच्या मार्गाने तो आपल्याकडे आला आणि दरबारातून घरात शिरला. हक्क सांगणे, मागणी करणे हा त्याचा मुख्य अर्थ. परंतु मराठीत आल्यावर त्यास दुसराही एक अर्थ चिकटला, तो वैराचा. ‘दावा धरणे’ म्हणजे मनात अढी धरणे. ‘दावा साधणे’ म्हणजे सूड उगविणे. आणि जुन्या मराठीत ‘दावेदार’ म्हणजे चक्क वैरी. हा पूर्वजन्मीचा दावेदार आहे, असे आपल्या आज्या म्हणत, तेव्हा तो मनुष्य काही मागावयास आला आहे असे त्यांना म्हणावयाचे नसे. तो छळावयास आला आहे असेच त्यांना सुचवावयाचे असे. तात्पर्य, एकाच शब्दाच्या पोटात दोन अर्थ नांदत आहेत. एक हक्काचा, दुसरा वैराचा. कोणी म्हणाले, ‘त्याने दावा लावला’, की ऐकणाऱ्याच्या मनात ‘त्याने दावा धरला’ असेच उमटते. बोलणारा एक बोलतो, ऐकणारा दुसरे ऐकतो, आणि तेथून पुढे दोन घरांचे जाणे-येणे बंद होते.

आता ‘लावणे’ पाहा. हे क्रियापद मोठे कामसू आहे. आपण दिवा लावतो, रोप लावतो, मुलांना वळण लावतो, दाराला कुलूप लावतो. त्याचबरोबर आपण आगही लावतो आणि दोघांमध्ये कळही लावतो. दावा लावणे हे दिवा लावण्याच्या जातीचे की आग लावण्याच्या जातीचे, हे ‘लावणे’ सांगत नाही. ते लावणाऱ्याच्या हेतूवर ठरते. आणि ‘लागणे’ तर त्याहून लबाड आहे. ‘आमच्या घराला दावा लागला’ असे कोणी म्हणाले की कीड लागल्यासारखे, दृष्ट लागल्यासारखे वाटते. त्या वाक्यात कर्ताच नाही. वस्तुतः दावा आपोआप लागत नाही. कोणीतरी, काहीतरी मागण्यासाठी, एका ठरलेल्या दिवशी तो दाखल करीत असतो.

‘खटला’ या शब्दाचीही अशीच गंमत आहे. ‘त्यांचे खटले मोठे आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांच्या घरात खाणारी तोंडे पुष्कळ आहेत, असा अर्थ होतो. तेच ‘त्यांचा खटला मोठा आहे’ असे म्हटले की तो कोर्टातला झाला. नपुंसकलिंगी खटले घरात आणि पुल्लिंगी खटला कचेरीत. घरातले खटले सांभाळता आले नाही म्हणजे कचेरीतला खटला उभा राहतो, असे कोणी विनोदाने म्हणेल. त्यात थोडे तथ्यही आहे. परंतु पूर्ण तथ्य नाही, हे पुढे दिसेल.

मराठेशाहीतील निवाड्याची कागदपत्रे पाहिली म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. गोतसभेपुढे दोन पक्ष उभे राहत. त्यांना अग्रवादी आणि पश्चिमवादी म्हणत. अग्रवादी म्हणजे आधी बोलणारा, पश्चिमवादी म्हणजे मागून बोलणारा. दोघांच्या तकरिरी लिहून घेतल्या जात, साक्षी-पुरावे होत, आणि महजर किंवा निवाडपत्र तयार होई. आज आपण वादी आणि प्रतिवादी म्हणतो. त्याचाही अर्थ तोच : एक सांगणारा, दुसरा उत्तर देणारा. आपल्या पूर्वजांनी न्यायसभेत उभ्या राहणाऱ्या दोघांना जी नावे दिली, त्यांत वैराचा लवलेश नाही. बोलण्याचा क्रम तेवढा त्यांत आहे. तेव्हा ज्यास आपण वैराचे नाव देतो, तो मुळात आळीपाळीने बोलण्याचा एक शिस्तबद्ध प्रकार आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘दावा लावणे’ या क्रियापदाला दोन प्रश्नांची उत्तरे लागतात. पहिला प्रश्न, कोणावर? दुसरा प्रश्न, कशाचा? ‘भाडेकरूवर ताब्याचा दावा लावला’, ‘शेजाऱ्यावर मनाई हुकुमाचा दावा लावला’, ‘व्यापाऱ्यावर मालाच्या रकमेचा दावा लावला’ ही पूर्ण वाक्ये झाली. परंतु आपल्या रोजच्या बोलण्यात काय होते? ‘त्याने भावावर दावा लावला.’ ‘तिने माहेरावर दावा लावला.’ ‘मुलाने आईला कोर्टात खेचले.’ कोणावर, ते सांगितले. कशाचा, ते गिळले. आणि गंमत अशी की, न्यायालयाला सर्वांत आधी हवे असते ते हेच गिळलेले उत्तर. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे वादपत्रात काय लिहावयाचे असते? पक्षकारांची नावे तर असतातच. परंतु दाव्याचे कारण कोणत्या घटनांनी आणि केव्हा घडले, कोणती दाद मागावयाची आहे, दाव्याची किंमत किती, हे लिहावेच लागते. दाव्याचे कारणच वादपत्रात दिसत नसेल तर ते नामंजूर होते. ‘मला त्याचा राग आला आहे’ या कारणासाठी कोणत्याही न्यायालयात वादपत्र घेत नाहीत.

हा फरक सर्वांत ठळक दिसतो तो वाटणीच्या दाव्यात, आणि आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांना ज्या दाव्याची झळ लागते तो हाच होय. कल्पना करा, वडील निवर्तले आहेत. मागे आई, दोन भाऊ आणि दोन बहिणी आहेत. घर आणि शेत थोरल्या भावाच्या ताब्यात आहे. धाकट्या बहिणीने वाटणीचा दावा दाखल केला. तिच्या वकिलांनी वादपत्रात प्रतिवादी म्हणून थोरला भाऊ लिहिला, धाकटा भाऊ लिहिला, थोरली बहीण लिहिली आणि आईही लिहिली. चार दिवसांनी बेलिफ समन्स घेऊन आला, आणि गावभर झाले की, ‘लेकीने जन्मदात्या आईवर दावा लावला!’ आईने अन्न टाकले. थोरली बहीण, जिचे धाकटीशी कधी वाकडे नव्हते, तीही रुसली.

प्रत्यक्षात घडले काय? वाटणीचा दावा असा आहे की, त्यात मिळकतीत हिस्सा असणाऱ्या प्रत्येकास पक्षकार करावे लागते. एखादा हिस्सेदार वगळला तर तो दावाच सदोष ठरतो. आईस प्रतिवादी केले, कारण आईचाही हिस्सा आहे. तिचे नाव गाळले असते तरच तिच्यावर अन्याय झाला असता. इतकेच नव्हे, तर वाटणीच्या दाव्यात प्रत्येक पक्षकार एकाच वेळी वादीही समजला जातो आणि प्रतिवादीही. म्हणजे आईला आणि थोरल्या बहिणीलाही त्याच दाव्यात आपापला हिस्सा वेगळा करून मागता येतो. मुलीने आईवर काही लावले नव्हते. तिने सर्वांच्या हिश्शांचा एकदा हिशेब मागितला होता. परंतु ‘कशाचा’ हा शब्द वाक्यातून गळाला आणि ‘कोणावर’ तेवढा उरला. एका विभक्तिप्रत्ययाने आई आणि लेक एकमेकींना पारख्या झाल्या. म्हणून माझी विनंती अशी की, असे वाक्य कानी आले तर लगेच विचारावे : कशाचा दावा? उत्तर आल्यावर निम्मा क्षोभ शांत होतो, आणि उरलेल्या निम्म्याविषयी बोलता येते.

आता आपल्या नित्याच्या बोलण्यातील आणखी काही वाक्ये घेऊ आणि ती तपासून पाहू.

पहिले वाक्य : ‘मी पोलिसांत दावा केला आहे.’ हे वाक्य चुकीचे आहे, आणि ही केवळ व्याकरणाची चूक नव्हे. पोलीस ठाण्यात दिली जाते ती फिर्याद. फिर्याद हा फारसी शब्द; त्याचा मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. गुन्हा घडला असेल तर ती हाक पोलिसांकडे मारावयाची. मग सरकार आरोपीवर खटला चालविते. दावा मात्र दिवाणी न्यायालयात दाखल होतो आणि तो आपला आपणच चालवावयाचा असतो. हातउसने दिलेले पैसे परत आले नाहीत म्हणून पोलीस ठाण्यात अर्ज देणारे आणि ‘आपण केस केली आहे’ अशा समाधानात राहणारे गृहस्थ थोडे नाहीत. ठाण्यावर त्यांस सांगतात की, ही दिवाणी बाब आहे. ते पुन्हा अर्ज देतात, वरिष्ठांना देतात. आणि इकडे मुदत चाललेली असते. १९६३ चा मुदतीचा कायदा, जो १ जानेवारी १९६४ पासून अमलात आहे, त्याप्रमाणे उसन्या रकमेच्या वसुलीच्या दाव्याला साधारणपणे ३ वर्षांची मुदत आहे. पोलिसांकडे घातलेल्या खेपांचा काळ त्यातून वजा होत नाही. तिसरे वर्ष उलटले की प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी न्यायालयाला तो दावा फेटाळावा लागतो. पैसे खरे, देणारा खरा, घेणाराही नाकबूल करीत नाही. तरी दावा गेला! कारण एवढेच की, फिर्याद आणि दावा हे दोन शब्द एकच समजले गेले.

याला एक पुस्ती जोडतो. न वटलेल्या धनादेशाचे प्रकरण थोडे निराळे आहे. तेथे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या १३८ व्या कलमाखाली फौजदारी तक्रार होते, पण तीही पोलिसांकडे नव्हे, थेट दंडाधिकाऱ्यांकडे. धनादेश न वटल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती पोहोचल्यावर देणेकऱ्यास १५ दिवस मिळतात. त्यानंतर एक महिन्याच्या आत तक्रार करावी लागते. आणि हे सर्व केले तरी रकमेच्या वसुलीचा दिवाणी दावा लावण्याचा हक्क वेगळा राहतोच. एक शिक्षेचा मार्ग, एक वसुलीचा.

दुसरे वाक्य : ‘वकिलाची नोटीस आली, म्हणजे दावा लागला.’ नाही. नोटीस म्हणजे सूचना. तिच्यामुळे दावा सुरू होत नाही. आणि, हे देणाऱ्यानेही लक्षात ठेवावे, तिच्यामुळे मुदतही थांबत नाही. नोटीस आली की घाबरून जाऊ नये, तसेच ती फाडूनही टाकू नये. सरळ उत्तर द्यावे. पुष्कळ वेळा दोन पत्रांत जे मिटते, ते उत्तर न दिल्यामुळे दहा वर्षे चालते.

तिसरे वाक्य : ‘समन्स घेतलेच नाही, आता काय करतील?’ हे वाक्य मोठ्या फुशारकीने बोलले जाते. समन्स नाकारले तरी ते बजावले गेले असे न्यायालयास मानता येते. मग दावा एकतर्फी चालतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत, आणि न्यायालयाने कारणे नोंदवून मुदत वाढविल्यास ९० दिवसांपर्यंत, आपली लेखी कैफियत द्यावयाची असते. कैफियत हा शब्द किती चांगला आहे पाहा! माझी बाजू, माझी हकीकत. जो समन्स नाकारतो तो अपमान नाकारीत नाही. तो आपली कैफियत मांडण्याची संधी नाकारतो.

चौथे वाक्य : ‘दावा जिंकला, जमीन मिळाली.’ येथेही घाई आहे. दावा जिंकला म्हणजे हुकूमनामा झाला. वाटणीच्या दाव्यात तर प्रथम फक्त हिस्से ठरतात. सरकारी सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष सरसनिरस वाटप पुढे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हावयाचे असते. इतर दाव्यांत प्रतिवादीने हुकूमनामा मानला नाही, तर वादीला त्याच्या बजावणीसाठी वेगळी दरखास्त द्यावी लागते. तिचीही मुदत आहे, साधारणतः १२ वर्षांची. निकालाच्या दिवशी पेढे वाटून कागद पेटीत ठेवणारे आणि दरखास्त द्यावयास विसरणारे लोक असतात. त्यांच्या पेटीत न्याय असतो, हातात नसतो.

पाचवे वाक्य : ‘जाऊ दे, दावा काढून घेतला.’ भावाभावांत समेट झाला, चार शहाण्या माणसांनी मध्ये पडून शब्द दिला आणि दावा काढून घेतला, तर आनंदच आहे. परंतु न्यायालयाची पुन्हा दावा लावण्याची परवानगी न घेता तो काढून घेतला, तर त्याच कारणासाठी नवा दावा लावता येत नाही. म्हणून तोंडी शब्दावर दावा काढून घेण्यापेक्षा, काय ठरले ते लिहून, सर्वांच्या सह्या घेऊन, त्या तडजोडीप्रमाणे न्यायालयाकडूनच हुकूमनामा करून घ्यावा. त्यात अविश्वास नाही. शब्द देणारी माणसे वृद्ध होतात, जातात; कागद राहतो.

सहावे वाक्य, आणि हे सर्वांत गोड आहे : ‘आपल्या माणसांवर कोणी दावा लावते का?’ हे वाक्य बहुधा ज्याच्या ताब्यात मिळकत असते तोच बोलतो. ज्याच्या हाती काही नाही, त्याला हे ऐकावे लागते. आणि ऐकणारी बहुधा बहीण असते. या वाक्याच्या दडपणाखाली किती भगिनींनी आपला हिस्सा मनातल्या मनात सोडून दिला असेल, याची गणती कोठेही होत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून मुलींना सहदायकाचा हक्क दिला, परंतु आधी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने, ९ सप्टेंबर २००५ पासून, ती मर्यादाही राहिली नाही. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले की, मुलीचा हा हक्क जन्माने आहे; २००५ साली वडील हयात असणे आवश्यक नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र पुन्हा उकलता येत नाहीत.

म्हणजे हक्क आहे. परंतु हक्क असला तरी तो कायम वाट पाहत बसत नाही. अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळले आहे असे कळल्यापासून १२ वर्षांत दावा लावावा लागतो. ज्या भगिनीने ‘आपल्या माणसांवर कसा दावा लावू?’ म्हणत १२ वर्षे घालविली, तिच्या सौजन्याची नोंद मुदतीच्या कायद्यात होत नाही. तिला हिस्सा सोडावयाचाच असेल, तर तो तिचा अधिकार आहे. तो तिने खुशीने, समजून, नोंदणी केलेल्या हक्कसोडपत्राने सोडावा. परंतु एका वाक्याच्या दडपणाने, न बोलता तो निघून जावा, हे सोडणे नव्हे. ते हिरावले जाणे होय.

येथे कोणी म्हणेल, ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण तुम्ही विसरलात काय? विसरलो नाही. ती म्हण अनुभवातून आली आहे. तारखा पडतात, खर्च होतो, पिढ्या जातात. हे कोणी नाकारू नये. परंतु म्हणीचा उपदेश शहाण्याला आहे, आणि शहाणपण दोन्ही पक्षांकडे असावे लागते. एक पक्ष शहाणपणाने पायरी चढत नाही आणि दुसरा त्याच्या न चढण्यावर निर्धास्त बसतो, असे झाले तर ती म्हण शहाण्याची न राहता बळकावणाऱ्याची होते. म्हणून मी म्हणेन, पायरी चढू नये अशी इच्छा असेल तर पायरीच्या अलीकडेच हिशेब करावा.

हा हिशेब करण्याची साधने आज उपलब्ध आहेत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा; त्याखाली भरणाऱ्या लोकअदालतीत दावा लावण्यापूर्वीही प्रकरण नेता येते. तेथे उभयपक्षी समेट झाला तर तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसते. त्याच कायद्याप्रमाणे स्त्रियांना, उत्पन्नाची अट न ठेवता, मोफत वकील मिळू शकतो. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात त्याची चौकशी करावी. हे आपल्या भगिनींपर्यंत पोहोचविणे, हे मला मंडळाच्या कार्याचाच एक भाग वाटते.

मंडळाविषयी दोन शब्द बोलल्यावाचून माझे कर्तव्य पुरे होणार नाही. पूर्वी ज्ञातीतील तंटा ज्ञातीतच मिटावा, असा आग्रह असे, आणि त्यामागे चांगला हेतूही असे. आजही दोन कुटुंबांनी आपण होऊन मंडळाकडे यावे, ज्येष्ठांनी दोघांचे ऐकावे, कागद पाहावेत आणि समेटाचा मार्ग सुचवावा, यासारखे सत्कार्य नाही. परंतु सुचविणे आणि लादणे यांत फरक आहे. ‘दावा लावलास तर तुझ्या घरच्या कार्याला कोणी येणार नाही’ अशी भाषा मंडळाने किंवा मंडळाच्या नावाने कोणीही वापरता कामा नये. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा २०१७ पासून अमलात आला असून, बहिष्कार टाकणे हा ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. शिक्षेच्या भयाने नव्हे, तर आपल्या नात्याची लाज राखण्यासाठी आपण ही भाषा टाळावी. दावा लावणारा ज्ञातिबांधव किंवा भगिनी न्यायाधीशापुढे उभी राहते. ती आपल्या विरुद्ध उभी राहत नाही.

आणि उलट बाजूही सांगितली पाहिजे. दावा लावण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला तोच प्रश्न विचारावा : कशाचा? उत्तर ‘हिश्शाचा’, ‘रकमेचा’, ‘ताब्याचा’, ‘वहिवाटीचा’ असे सरळ आले, तर जरूर लावावा, वेळेत लावावा आणि त्याची लाज बाळगू नये. परंतु उत्तर ‘तिच्या लग्नात माझा मान ठेवला नाही म्हणून’, ‘त्याने वाड्यासमोर मोटार उभी केली म्हणून’, ‘त्याला एकदा धडा शिकवावयाचा म्हणून’ असे आले, तर समजावे की, आपण दावा लावीत नाही, दावा साधीत आहोत. अशा दाव्यासाठी वकील मिळेल, कोर्ट फीचा स्टॅम्प मिळेल, तारीखही मिळेल. पण समाधान मिळणार नाही, कारण ते देण्याचा अधिकार कोणत्याच न्यायालयास नाही. असला दावा घरच्या वडीलधाऱ्यांनी वेळीच ओळखून थांबवावा. एका दावणीची गुरेदेखील दावे तोडून भांडतात, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच गोठ्यात येतात. आपण तर माणसे आहोत.

बंधुभगिनींनो, ज्यांच्या घरी आज दावा चालू आहे असे कित्येकजण या सभेत बसले असतील. कदाचित वादी पुढच्या रांगेत असेल आणि प्रतिवादी मागच्या. दोघेही या संमेलनास आले, याचा मला आनंद आहे. तारखेला न्यायालयात समोरासमोर उभे राहावे, आपापली बाजू नीट मांडावी, आणि सणाला, कार्याला, दुखण्याखुपण्याला एकमेकांच्या घरी जावे, यात काहीच विसंगत नाही. अग्रवादी आणि पश्चिमवादी हे बोलण्याचे क्रम आहेत, जेवण्याचे नव्हेत. दावा मिळकतीचा असतो, नात्याचा नसतो. तो नात्यावर जाऊ द्यावयाचा की नाही, हे न्यायाधीश ठरवीत नाहीत. ते आपण ठरवितो, आणि आपण वापरतो त्या वाक्यांवरून ते ठरत जाते.

म्हणून उद्यापासून एवढेच करावे. कोणी म्हणाले, ‘अमक्याने तमक्यावर दावा लावला’, तर ‘अरेरे’ म्हणण्यापूर्वी विचारावे, ‘कशाचा?’ आणि आपल्या घरात कोणाचा काही हक्क अडकून असेल, विशेषतः लेकीबाळींचा, तर त्यांना हा प्रश्न न्यायालयात विचारावा लागण्यापूर्वी आपणच त्याचे उत्तर द्यावे.